कॅप्टन ट्राइपचे ढग

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांच्या घरची जुनी छायाचित्रे गोळा करून त्यांचे एक लहानसे प्रदर्शन मांडावे, असे कार्यकारिणीने ठरविले आणि ते काम आमच्याकडे सोपविले. दोन महिन्यांत आमच्या हाती चारशेहून अधिक छायाचित्रे आली. मुंजी, लग्ने, बारशी, सत्यनारायण. गावच्या घरासमोर ओळीने उभे केलेले कुटुंब. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या किंवा एच.एम.टी.च्या वसाहतीतील क्वार्टरच्या पायरीवर बसलेली नवी जोडपी. बहुतेक चित्रे चौकोनी, कृष्णधवल, कडा पांढऱ्या, पाठीमागे शाईने लिहिलेली तारीख. ती जुळवीत असता एक गोष्ट आमच्या हळूहळू ध्यानात आली. या सर्व चित्रांत माणसे आहेत, पण मुलूख नाही. कोकणातील असो, कऱ्हाडकडचे असो वा विदर्भातील असो, गाव म्हणून जे काही दिसते ते कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारी डोंगराची एक रेघ किंवा कोणाच्या फेट्यामागे निम्मे झाकलेले आंब्याचे झाड. ज्या भूमीची आठवण काढीत आम्ही परमुलखात पन्नास वर्षे सण साजरे केले, तिचे नुसते असे एकही चित्र आमच्या घरांत नव्हते.

याच सुमारास आमच्या वाचनात एका इंग्रज कप्तानाचा वृत्तांत आला. त्याची गोष्ट नेमकी उलटी होती. त्याने बंगळुरात राहून भूमीची आणि वास्तूंची शेकडो छायाचित्रे काढली, आणि त्यांतील बहुतेकांत माणूस म्हणून नाही.

लिनिअस ट्राइप हे त्याचे नाव. १८२२ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्यातील डेव्हनपोर्ट या बंदरगावी तो जन्मला, आणि विशीच्या आतच कंपनी सरकारच्या मद्रास लष्करात दाखल झाला. नोकरीची दहा-बारा वर्षे झाल्यावर तो रजेवर मायदेशी गेला, आणि त्या रजेत छायाचित्रणाची विद्या शिकला. १८५३ साली लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; तिच्या आरंभीच्या सभासदांत तो होता. १८५४ मध्ये परत आला तो बंगळूरच्या छावणीत.

या विद्येचे त्या काळी इंग्लंडात काय चालले होते, ते येथे थोडे सांगितले पाहिजे. १८५१ च्या शिरगणतीत असे आढळून आले की, इंग्लंड-वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक आता शहरांत राहतात. जगात असे प्रथमच घडत होते. आणि नेमक्या याच वर्षांत तेथील हौशी छायाचित्रकार कॅमेरे घेऊन खेड्यांकडे वळले. बेंजामिन ब्रेकनेल टर्नर हा लंडनमधील मेणबत्त्यांचा व्यापारी वूस्टरशरमधील ब्रेडिकॉट या खेड्यातील धान्याची कोठारे, कुंपणे आणि ओकची झाडे टिपीत होता. सोसायटीच्या स्थापनेत ज्याचा पुढाकार होता, तो रॉजर फेंटन यॉर्कशरमधील पडक्या मठांची चित्रे घेत होता. आगगाड्या आणि गिरण्या त्यांच्या दाराशी धडधडत होत्या, पण या चित्रांत धुराडे क्वचितच दिसते. पुढे फ्रान्सिस फ्रिथ याने तर इंग्लंडातील गावोगावची दृश्ये छापून विकण्याचा मोठा कारखानाच थाटला, आणि ती चित्रे घरोघर गेली. ज्यांनी गाव सोडला, त्यांनाच गावाचे चित्र भिंतीवर हवे होते. या गोष्टीत आम्हांस काहीच परके वाटले नाही.

या पाहण्याला एक जुना साचाही होता. अठराव्या शतकात विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने निसर्गदृश्य कसे पाहावे, याचे धडे इंग्रजांना घालून दिले होते. वाय नदीवरील त्याचे पुस्तक १७८२ चे. पुढे बाजूला एक झाड, मधे पाणी, मागे निळसर डोंगर आणि शक्य तर एखादे भग्न अवशेष, म्हणजे दृश्य चित्रात बसण्याजोगे झाले. हा साचा कॅमेऱ्याच्या आधीच आमच्या या प्रांतात आला होता. १७९१ साली टिपूवरील मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या सैन्याने बंगळूर घेतले, तेव्हा रॉबर्ट होम हा चित्रकार सैन्याबरोबर होता. त्याच वर्षी परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या फौजाही याच मुलखात उतरल्या होत्या. होमने बंगळूरचा किल्ला, सावनदुर्ग, रामगिरी ही स्थळे रेखाटली आणि १७९४ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. मराठी फौजांनी त्याच वाटांवरून जाताना हिशेब आणि पत्रे पुष्कळ लिहिली. त्यांतील डोंगरांची वर्णने मात्र चढ किती, दाणापाणी कोठे, एवढ्याच बेताची असत. हा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. पोट बरोबर घेऊन हिंडणाऱ्या फौजेला दृश्य पाहण्याची सवड कोठली?

असो. ट्राइप बंगळुरी आला तो हा साचा डोळ्यांत घेऊनच, पण लष्करी मोजमापाची शिस्तही त्याच्या अंगी होती. १८५४ च्या डिसेंबरात डॉ. नील या मित्रासह तो हळेबीड आणि बेलूरकडे गेला. तेथील होयसळ देवळांची त्याने जी छायाचित्रे घेतली, ती १८५५ च्या मद्रास प्रदर्शनात मांडली गेली आणि त्यास पहिल्या वर्गाचे पदक मिळाले. लागलीच लॉर्ड डलहौसीने ब्रह्मदेशच्या मिंदोन राजाकडे जे शिष्टमंडळ पाठविले, त्यात सरकारी छायाचित्रकार म्हणून ट्राइपची नेमणूक झाली. शिष्टमंडळाचा प्रमुख आर्थर फेर, चिटणीस हेन्री यूल. त्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत ट्राइपने प्रोम, पगान, अमरापूर अशा ठिकाणी दोनशेहून अधिक निगेटिव्ह तयार केल्या, आणि त्या घेऊन तो परत आला तो पुन्हा आमच्या बंगळुरात.

येथून पुढचा भाग आम्हांस विशेष मनोरंजक वाटतो, कारण तो या शहरात घडला. काचेवरील वा फिल्मवरील निगेटिव्ह आम्हांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे; ट्राइपची निगेटिव्ह कागदाची होती, फूटभराहून रुंद. पातळ कागदाला मेण जिरवून तो अर्धपारदर्शक करायचा, मग चांदीच्या क्षारांच्या द्रावणात बुडवून प्रकाशाला संवेदनशील करायचा. मेण लावलेल्या अशा कागदाचा मोठा गुण हा की, तो काही दिवस आधी तयार करून ठेवता येई आणि चित्र घेतल्यावर सावकाशीने धुता येई. बैलगाडीने हिंडणाऱ्या माणसाला याहून सोयीचे काय असणार? दोष दोन होते. चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जो हलला, तो पुसला जाई. म्हणूनच ट्राइपचे रस्ते ओस दिसतात. ते ओस नव्हते. बाजाराला निघालेली बाई, गुरे हाकणारा पोर, कावडवाला, सारे त्या भिंगासमोरून गेलेच असतील, पण ते चालते असल्यामुळे कागदाने त्यांची दखल घेतली नाही.

दुसरा दोष आभाळाचा. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलत. झाडांची हिरवाई पुरती उमटण्याआधीच आभाळ करपून निघे. निगेटिव्हवर जे गडद ते छापील चित्रात पांढरे. त्यामुळे आभाळ म्हणजे नुसता कोरा, कधी डागाळलेला कागद. मग या कप्तानाने काय करावे? त्याने हाती कुंचला घेतला. ब्रह्मदेशच्या अनेक निगेटिव्हांवर त्याने बारकाईने रंग लावून आभाळात ढग घातले, कोठे पानांची गर्दी वाढविली, कोठे पाण्याला तजेला आणला. १८५६ च्या सुमारास बंगळुरातील खोलीत बसून इरावतीकाठच्या पॅगोडांवर हाताने ढग रंगविणारा हा डेव्हनचा माणूस आमच्या डोळ्यांपुढे वारंवार येतो. ते ढग ब्रह्मदेशचे खचित नव्हते. लहानपणी डेव्हनच्या किनाऱ्यावर पाहिलेले, की बंगळूरच्या ज्येष्ठ-आषाढात दुपारी जमून येतात ते? आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे; पण यात आमचा बंगळूरचा अभिमान किती आणि पुरावा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

निवडलेल्या १२० दृश्यांचे पन्नास संच सरकारला हवे होते. म्हणजे सहा हजार छायाचित्रे, आणि प्रत्येक प्रत चौकटीत दाबून उन्हात ठेवून छापायची. कारखान्यात यंत्र नाही, सूर्य हेच यंत्र. हे काम १८५७ च्या आरंभी पुरे झाले. दरम्यान मद्रास सरकारने त्यास इलाख्याचा छायाचित्रकार नेमले होते. त्याच वर्षी उत्तरेत बंडाचा वणवा पेटला, आणि वर्षअखेरीस, डिसेंबरात, ट्राइप कॅमेरे व रसायने बैलगाड्यांवर लादून बंगळुराहून दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला.

त्याचा पहिला महत्त्वाचा मुक्काम रायकोट्टई. होसूरच्या पलीकडे, त्या काळच्या सेलम जिल्ह्यात, एका उघड्या खडकाच्या डोंगरावर हा किल्ला आहे. १७९१ च्या मोहिमेतच तो इंग्रजांनी घेतला होता. १८५८ साली ट्राइपने आपले जे चित्रसंच प्रसिद्ध केले, त्यांतील एक संच रायकोट्टई व सेलम जिल्ह्यातील इतर स्थळांचा आहे. डोंगरमाथ्यावरून दिसणाऱ्या मुलखाचे एक दृश्य त्याने घेतले. त्यात ना देऊळ, ना राजवाडा, ना इतिहास. खाली पसरलेले पठार आणि दूरवर पेरल्यासारखे खडकाळ डोंगर, एवढेच. सरकारी कामात असे चित्र घेण्याचे कारण फारसे नव्हते. लढाऊ माणसाने टेहळणीसाठी पाहावे तसे त्याने पाहिले असेल, किंवा केवळ पाहावेसे वाटले म्हणून पाहिले असेल.

त्या चित्राची प्रत घेऊन गेल्या पौषात आम्ही चौघे जण रायकोट्टईला गेलो. होसूरपर्यंतचा रस्ता म्हणजे आता कारखान्यांची आणि इमारतींची एक लांब भिंत आहे. पण गडाचा खडक आहे तसा आहे. चढताना दम लागतो आणि सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याची आठवण येते, फक्त येथे करवंदीची जाळी नाही. माथ्यावर पोचून चित्र समोर धरले, आणि थोडे डावे-उजवे सरकल्यावर दूरच्या डोंगरांची रेघ चित्रातल्या रेघेवर नेमकी बसली. खालचे सारे बदलले होते. नारळीच्या बागा, टोमॅटोची शेते, पत्र्याची छपरे, आगगाडीचा रूळ. आमच्यातील एक सद्गृहस्थ आयुष्यभर कारखान्यात मापे घेण्याचे काम करून निवृत्त झालेले. ते बराच वेळ चित्र आणि डोंगर यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहिले आणि म्हणाले, “माणसाने इमानाने उभे राहून माप घेतले आहे.” त्या दिवशी आभाळात एकही ढग नव्हता.

रायकोट्टईवरून ट्राइप श्रीरंगम, तिरुचिरापल्ली, मदुरा, पुदुकोट्टई असा फिरला, आणि तंजावरला गेला. येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर, आणि येथूनच त्यांचे पुत्र एकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला जाऊन गादीवर बसले. पावणेदोनशे वर्षांनी कॅमेरा घेऊन निघालेला कप्तान बंगळुराहून त्याच तंजावरी पोचला. पण उशिरा पोचला. १८५५ च्या ऑक्टोबरात दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने ते राज्य संपविले. ट्राइपने राजवाड्याची छायाचित्रे घेतली ती १८५८ मध्ये, धनी गेल्यानंतर. बृहदीश्वराच्या पायथ्याभोवतीचा चोळकालीन तमिळ लेख त्याने अंगुल अंगुल पुढे सरकत टिपला आणि २१ ठसे एकापुढे एक जोडून त्याची लांबलचक पट्टी केली. त्याच देवळाच्या प्राकारावर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसल्यांच्या वंशाचा मराठी लेख आहे. आमच्या मंडळाच्या सहलीत तो आम्ही वाचला आहे. वाचता वाचता मान दुखते एवढा तो मोठा आहे.

ट्राइपची कारकीर्द फार टिकली नाही. १८५९ मध्ये सर चार्ल्स ट्रेव्हेलियन मद्रासचा गव्हर्नर होऊन आला. बंडानंतर तिजोरीला ओहोटी लागलेली. छायाचित्रण ही त्याला चैन वाटली, आणि ते खाते त्याने बंद केले. ट्राइप पलटणीत परतला. पुढे त्याने छायाचित्रे काढली ती अगदी थोडी. निवृत्त होऊन तो डेव्हनला गेला आणि १९०२ साली वारला. त्यानंतर फार काळ त्याचे नाव जाणकारांपलीकडे कोणास ठाऊक नव्हते. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा कोठे त्याचे नाव पुन्हा लोकांपुढे आले.

मुंबई इलाख्यात याच वर्षांत काय घडत होते? तेथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि नामांकित छायाचित्रकार होते. आमच्या माणसांनी ही विद्या इंग्रजांच्या बरोबरीने आणि पहिल्याच फेरीत हस्तगत केली, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. पण नारायण दाजींचे नाव झाले ते माणसांच्या चित्रांवर. मुलूख टिपण्याचे काम सरकारने मेजर बिग्ज, डॉ. पिगू अशांकडे दिले, आणि विजापूर, बदामी, ऐहोळे यांची त्यांची छायाचित्रे १८६६ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाली.

सह्याद्रीचे सर्वांत हृदयंगम जुने दर्शन मात्र एका बाईच्या कॅमेऱ्यातून घडले, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. बोरघाटातील लोहमार्गाचे कंत्राट १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले, पण इकडे आल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने माघार न घेता कंत्राट आपल्याकडे ठेवले, कारभारी नेमून काम पुरे करविले, आणि १८६३ मध्ये घाट वाहतुकीस खुला झाला. याच अ‍ॅलिसबाईंनी घाटातील कामाची छायाचित्रे घेतली. त्यांत कडे आहेत, दऱ्या आहेत, अर्धवट उभ्या कमानी आहेत. एका वेळी चाळीस हजारांवर माणसे त्या घाटात राबत होती आणि पटकीने व अपघातांनी हजारो दगावली. चित्रांत ती दिसतात ती कमानीची उंची कळावी एवढ्यापुरती, मुंगीएवढी. इकडे इंग्लंडात पीटर हेन्री एमर्सन याने १८८६ मध्ये नॉरफोकच्या दलदलीतील जीवनाचा जो प्रसिद्ध चित्रसंग्रह काढला, त्यात लव्हाळे कापणारे मजूर दृश्याच्या मधोमध, धन्यासारखे उभे आहेत. आमच्या बोरघाटाला असा एमर्सन भेटला नाही.

बंगळुरात ही परंपरा पुढे हौशी मंडळींनी चालविली. डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये छायाचित्रकारांचा अखिल भारतीय संघ उभा राहिला. १९७१ मध्ये तरुणांची यूथ फोटोग्राफिक सोसायटी निघाली. या मंडळींची मोठी आकांक्षा कोणती? तर आपली चित्रे लंडनला पाठवून नावापुढे ए.आर.पी.एस. ही अक्षरे लावावीत. आर.पी.एस. म्हणजे रॉयल फोटोग्राफिक सोसायटी, अर्थात १८५३ ची तीच संस्था, जिचा ट्राइप सभासद होता. सकाळचे धुके, तिरपे ऊन, धूळ उडवीत परतणारी गुरे, अशी त्यांची चित्रे आम्ही पाहिली आहेत. खेडे आमचे, धुके बहुधा इंग्लंडचे. तरीही ती चित्रे सुंदर आहेत, आणि त्यांतील कित्येक माळराने आता उरलेली नाहीत. शहरातलेच पाहा ना. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण झाले, धर्मांबुधी तळ्यात मॅजेस्टिकचे बसस्थानक उभे आहे. तेथे पाणी होते, हे आमच्या नातवंडांना जुने चित्र दाखविल्यावाचून पटत नाही.

महाराष्ट्राच्या भूमीलाही अलीकडे तिचे छायाचित्रकार भेटले. नौदलात छायाचित्रणाची नोकरी केलेल्या गोपाळ बोधे यांनी आपले गडकोट आणि किनारा हेलिकॉप्टरमधून टिपला, आणि ज्या रायगडाच्या पायऱ्या आम्ही मोजीत चढलो तो आकाशातून कसा दिसतो, हे आम्हांस कळले. पण गड हे सर्वांचे. ज्याची त्याची वाडी, ज्याचा त्याचा पाणवठा, तो कोण टिपणार?

आमच्याकडे आलेल्या छायाचित्रांत एक १९५८ सालचे होते. कोयनेच्या खोऱ्यातील एक कुटुंब, अकरा माणसे, दोन ओळी. पुढे धरण झाले, शिवाजीसागर भरला, आणि ती वाडी पाण्याखाली गेली. त्या चित्रातील सहा वर्षांची परकरातली मुलगी आज आमच्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासद आहेत. त्यांना चित्र मोठे करून दाखविले, तेव्हा त्यांनी आई-वडिलांकडे, काकांकडे पाहिले, नावे सांगितली, आम्ही ती लिहून घेतली. मग चष्मा पुसून त्या पुन्हा वाकल्या.

“यांच्या मागे आमचं घर आहे,” त्या म्हणाल्या. “ही माणसं जरा बाजूला झाली असती, तर पडवी दिसली असती.”

आम्ही भिंग आणून दिले. काकांच्या टोपीच्या आणि एका चुलत भावाच्या कानाच्या मध्ये दोन बोटांची फट होती. तीत लाकडी खांबाचा एक तुकडा, त्यामागे उतारावरचे भातखाचर आणि वर आभाळाचा पांढरा कपचा. खांबाला काहीतरी टांगलेले दिसत होते. ते बियाण्याच्या मक्याचे घोस असावेत, असे आम्हांस वाटले. काकू म्हणाल्या, “छे हो, ती आजोबांची घोंगडी.”

प्रदर्शनात ते चित्र मोठे करून प्रवेशदाराशी लावले आहे, आणि त्याच्या शेजारी रायकोट्टईच्या माथ्यावरून ट्राइपने घेतलेल्या दृश्याची प्रत. प्रदर्शन दिवाळीपर्यंत मंडळाच्या सभागृहात खुले राहील. ज्यांच्या घरी अशी चित्रे अजून पेटीत असतील, त्यांनी ती आणून द्यावीत. प्रत काढून मूळ चित्र त्याच दिवशी परत करण्यात येईल. माणसांच्या नावांबरोबर मागे काय दिसते, हेही पाठीमागे लिहून द्यावे.